१९० रुपयांची डबी

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि येताना गोळ्यांबरोबर तोंडाला लावायचं क्रीम घेऊन आले. रात्री झोपताना लावायचं. शंभर ग्रॅमची पांढरी डबी, किंमत १९० रुपये. वय वर्षं ७५. (वय माझं, डबीचं नव्हे.)

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मला कुणाची जाहिरात करायची नाही, आणि दुसरं म्हणजे या प्रकरणात नावाला किती अर्थ आहे ते पुढे येईलच.

दुकानातल्या मुलानं विचारलं, "आजी, नातीसाठी का?" म्हटलं, "नाही रे, माझ्यासाठी." तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "सुरकुत्यांचं वेगळं येतं, ते दाखवू?" मी म्हटलं, "सुरकुत्या राहू देत, त्या मी कमावलेल्या आहेत. तोंड ओढल्यासारखं होतं, त्याला काय आहे ते दे."

साताऱ्याची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. दिवाळी सरली की असा कोरडा वारा सुटतो की ओठ फुटतात, पोरांचे गाल उलतात, नडग्यांवर पांढरी खवल्यांसारखी नक्षी उठते. माझा जन्म राजापूरकडचा. तिथल्या दमट हवेत अंग कोरडं पडणं म्हणजे काय हे आम्हाला फारसं माहीत नव्हतं, टाचा सोडल्या तर. १९६४ साली शिकायला मामाकडे साताऱ्याला आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात हातांकडे बघून मला वाटलं होतं की काहीतरी रोगच झाला. पुढे तर ३२ वर्षं खडू हातात. खडू हाताचा ओलावा शोषून घेतो, हे कुठल्याही शिक्षकाला प्रयोगाशिवाय माहीत असतं. बोटांची टोकं फुटायची, वह्या तपासताना लाल पेन टोचायचं. आमच्या शिक्षिकांच्या खोलीतल्या कपाटात ग्लिसरीनची एक बाटली कायम असायची. वर्गणी काढून आणलेली. मधल्या सुट्टीत सगळ्या जणी दोन दोन थेंब हाताला लावायच्या. हाताला, बरं का. तोंडाला लावलेलं कुणाला पाहिल्याचं मला आठवत नाही.

तर मग आता तोंडाला का? सांगण्यासारखं मोठं कारण नाही. एका रात्री तोंड धुतलं आणि टॉवेलनं पुसलं, तर गाल खळ घातलेल्या पातळासारखे कडक लागले. हसायला गेले तर ओढ बसली. मनात आलं, याला काहीतरी लावावं. बस्स, एवढंच.

घरी आल्यावर चष्मा लावून, वर भिंग धरून डबीवरची सगळी अक्षरं वाचली. सवयच आहे. मुंगीच्या पायाएवढ्या टायपात मजकूर छापायचा आणि वरती फुलाचं चित्र मात्र अर्ध्या डबीएवढं, हा काय न्याय आहे कोण जाणे. पण त्या बारीक अक्षरांतच सगळं असतं. घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं देतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. माझ्या डबीवर पहिलं पाणी. दुसरं ग्लिसरीन. मग पेट्रोलियम जेली, मग न वाचता येणारी दोन-तीन नावं, मग सेरामाइड. सुवास नाही. "नो फ्रॅग्रन्स" असं वेगळं लिहिलं होतं आणि खरोखरच उघडून वास घेतला तर कसलाच वास नाही, पांढऱ्या रंगाचाही नाही म्हणा.

मग नातीकडून फोनवर आणि काही इकडचं तिकडचं वाचून ही यादी समजून घेतली. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या मधोमध स्निग्ध पदार्थांचा चुना. हा चुना शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं. वय वाढलं की चुना कमी तयार होतो. बायकांची पाळी गेल्यावर तेलाच्या ग्रंथीही हात आखडता घेतात. आणि गंमत म्हणजे रात्री कातडीतून पाणी उडून जायचं प्रमाण दिवसापेक्षा जास्त असतं. म्हणजे आपण झोपतो आणि भिंत पाझरते. रात्रीच्या क्रीमचं एवढंच काम: ग्लिसरीननं पाणी धरून ठेवायचं, सेरामाइड आणि तेलांनी फटी लिंपायच्या, आणि वरून पेट्रोलियम जेलीनं झाकण घालायचं. रात्रीचं आणि दिवसाचं क्रीम यांत फार मोठी विद्या नाही. दिवसाच्या क्रीममध्ये बहुधा उन्हापासून वाचवणारं काहीतरी असतं, रात्रीचं जरा जास्त तुपट असतं.

हे वाचलं आणि मला हसू आलं, कारण यात नवं काय आहे? दुसऱ्या शतकातल्या गेलेन नावाच्या वैद्याच्या नावावर मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम सांगतात. त्यातलं पाणी उडताना गार वाटायचं, म्हणून ते 'कोल्ड' क्रीम. आपल्याकडचं शतधौत घृत त्याच जातीचं. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहातानं फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. शेवटी तूप लोण्यासारखं पांढरंशुभ्र आणि हलकं होतं, तुपाचा वासही बराचसा जातो. आमच्या आजीनं एकदा भाजल्यावर लावायला केलेलं मी पाहिलं आहे. हात दुखायला लागला की आजी मोजायला मला बसवायची आणि मी मुद्दाम दोन-चार आकडे गाळायची.

आणि व्हॅसलीन. ते सापडलं पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर. पंपाच्या दांड्यांना चिकटणारं काळं मेण तिथले कामगार भाजलं-कापलं तर लावायचे. चेसब्रो नावाच्या रसायनज्ञानं ते शुद्ध करून १८७२ साली पेटंट घेतलं. हा गृहस्थ म्हणे रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा. ९६ वर्षं जगला. (तुम्ही खाऊ नका.)

आमच्या लहानपणी मात्र या सगळ्याला एकच शब्द होता, स्नो. मुंबईच्या पाटणवाला यांचं 'अफगाण स्नो' आमच्या आत्याकडे होतं. ते तुपट नव्हतं, लावलं की दिसेनासं व्हायचं, वास मात्र दारापर्यंत. 'स्नो-पावडर' हा जोडशब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरत. एखादी बाई कामचुकार आहे, असं म्हणायचं असलं की "तिला स्नो-पावडरीतून वेळ मिळेल तेव्हा ना" असं म्हणायचं. तोंडाला काही लावणं म्हणजे नटणं, आणि नटणं म्हणजे कुणाला तरी दाखवणं. हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसला होता की मी लग्नात तोंडाला हळद सोडून काही लावलं नाही.

असो. तर डबी आणली खरी, पण लगेच तोंडाला फासली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज रात्री लावून पाहिलं. खाज नाही, लाली नाही. मग १ डिसेंबरपासून सुरुवात करायची ठरवली.

आता इथे दुसरी डबी येते. दिवाळीत सुनेनं मला एक महागडं रात्रीचं क्रीम दिलं होतं. काचेची जड डबी, सोनेरी झाकण, आत चिमुकला चमचा. पन्नास ग्रॅम, १,८५० रुपये. (किंमत तिनं खोडली होती, पण खोक्याच्या तळाला राहिली होती. शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.) मी ते देवघराच्या खणात जपून ठेवलं होतं. म्हटलं, आता दोन्ही आहेतच, तर परीक्षाच घेऊ या. डाव्या गालाला सोनेरी झाकणाचं, उजव्या गालाला माझं. २१ रात्री. प्रमाण सारखं, अर्ध्या हरभऱ्याएवढं. आणि ताडून पाहायला डावा हात कोपरापासून खाली कोरा ठेवायचा, त्याला काहीच नाही. कॅलेंडरवर रोज खूण करत गेले.

हिशेबही मांडला. माझं क्रीम एका ग्रॅमला १ रुपया ९० पैसे. सुनेचं ३७ रुपये. पूर्ण चेहऱ्याला रोज अर्धा ग्रॅम धरला तर माझं रात्रीला ९५ पैसे पडतं आणि दोनशे रात्री पुरतं. दुसरं रात्रीला साडेअठरा रुपये आणि शंभर रात्री.

परीक्षा सुरू करायच्या आधी महागड्या खोक्याचीही यादी वाचायला घेतली. पाणी, ग्लिसरीन, सुरुवात तीच. पुढे पाच-सहा ओळी खाली वाचत आले तर एक नाव दिसलं: गार्सिनिया इंडिका सीड बटर. भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. गार्सिनिया इंडिका म्हणजे कोकम! म्हणजे आमचं मुठेल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी कोकमं उतरतात. सालांची आमसुलं करायची, आणि बिया टाकायच्या नाहीत. त्या धुवून कडकडीत उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या आणि मोठ्या भांड्यात पाण्यात उकळायच्या. तेल वर येतं. गार झालं की थिजतं. ते गोळा करून मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. मुठीत दाबलेलं म्हणून मुठेल. गोळ्यावर बोटांचे वळ तसेच राहतात. आमच्या घरात कुठला गोळा कुणी वळला ते त्या वळांवरून ओळखता यायचं. एरवी ते दगडासारखं टणक. अंगाच्या उष्णतेहून जराशी जास्त ऊब मिळाली की पातळ होतं. फुटलेल्या टाचांना यासारखं औषध नाही, असं आजही कोकणात कुणीही सांगेल.

आमचे वडील १९६१ साली गेले. पानशेत फुटलं त्याच वर्षी, पावसाळ्यातच. आई ३३ वर्षांची होती. मी ११ वर्षांची. आमच्या घरातून केशवपन एक पिढी आधीच गेलं होतं, त्यामुळे लोक आमच्या घराला सुधारलेलं म्हणत. पण बाकी सगळं होतं. कुंकू गेलं, फुलं गेली, आरसा भिंतीवरून उतरवून ट्रंकेत गेला. कुणी काही तिला बोलून दाखवलं असं नाही. सगळं आपोआप झालं, आणि आपोआप झालं म्हणूनच कुणाशी भांडता आलं नाही.

मुठेल मात्र राहिलं. कारण ते टाचांना. आईचे पाय दिवसभर मातीत आणि शेणात, टाचांना भेगा अशा की त्यात धान्याचा दाणा अडकावा. आजीच म्हणायची, "गो, टाचा बघ काय झाल्यात, मुठेल लाव." टाचांना लावणं म्हणजे औषध. त्याला कुणाची ना नव्हती.

रात्री सगळी कामं आटपली की आई चिमणीजवळ बसायची. मुठेलाचा तुकडा पळीत धरून ऊब द्यायची आणि टाचांना चोळायची. मग चिमणी फुंकून माझ्याशेजारी आडवी व्हायची. आणि अंधारात मला एक आवाज यायचा, तळहात तोंडावरून फिरवल्याचा. हलका, ओलसर. कपाळ, गाल, मान. कितीतरी वेळ.

एकदा मी विचारलं, "आई, काय करतेस?"

"काही नाही गो. हाताला उरलंय, ते पुसते."

रोज उरायचं.

खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एका मे महिन्यात घरी गेले असताना तिला मुठेल लावताना नीट पाहिलं. तेव्हा वीज आली होती. टाचांना ती उजव्या हातानं लावत होती. आणि त्याआधी थोडं पातळ मुठेल तिनं डाव्या तळहातावर घेऊन ठेवलं होतं, ते टाचांना लागलंच नाही. दिवा मालवल्यावर पुन्हा तोच आवाज आला. मी काही विचारलं नाही. १९९८ साली ती गेली तेव्हा तिचा चेहरा सत्तराव्या वर्षी इतका नितळ होता की बघायला आलेल्या बायका तेवढ्यातही बोलल्या.

तर त्या खोक्यावर गार्सिनिया इंडिका वाचलं आणि मी बराच वेळ देवघराच्या खणापाशी बसून राहिले. सोनेरी झाकणाखाली आईच्या टाचांचं औषध, रात्रीला साडेअठरा रुपये.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. २१ डिसेंबरला २१ रात्री भरल्या. कोरा ठेवलेला हात पांढरट, नखानं रेघ ओढली तर पाटीवर ओढल्यासारखी उमटत होती. दोन्ही गाल मऊ. मला स्वतःला काही फरक कळेना, पण स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नसतो. म्हणून दोन परीक्षक नेमले. पहिल्या आमच्या शेजारीण. त्यांना कुठल्या गालाला कुठलं ते माहीत होतं. त्यांनी क्षणात निकाल दिला, "डावा उजळलाय बाई, काय झालं तरी महागाचं ते महागाचं." हे असंच होतं. पहिल्या नंबरच्या मुलाचं नाव वर दिसलं की निबंधाला दोन गुण आपोआप जास्त पडतात. म्हणून मी शेवटची काही वर्षं नावं झाकून पेपर तपासायची.

दुसरी परीक्षक नात. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, "डोळे मीट आणि हात लावून सांग, कुठला गाल जास्त मऊ आहे." तिनं दोन्ही तळहात माझ्या दोन्ही गालांवर ठेवले. मग नुसती बोटं फिरवली. मग पुन्हा तळहात. गंभीर चेहरा करून, जिभेचं टोक दातात धरून. मी तिला घाई केली नाही. आमचे हे २०२१ साली गेले. त्यानंतर डॉक्टर सोडले तर माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. लोक पायाला हात लावतात. या वयात सगळे पायालाच हात लावतात.

नात म्हणाली, "सेम आहेत, आजी. पण तुझे गाल इतके सॉफ्ट आहेत हे मला माहीतच नव्हतं." आणि हात तसेच ठेवले अजून थोडा वेळ.

तिनंच मग सांगितलं की हल्ली मुली रात्री तोंडाला सगळं लावून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड थर देतात, त्याला 'स्लगिंग' म्हणतात. स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. ती जाते तिथे चकचकीत रेघ सोडते ना, तसा चेहरा चकाकतो म्हणून. मी म्हटलं, आमच्या कोकणात पावसाळ्यात न्हाणीघरात या गोगलगायी यायच्या तेव्हा आम्ही मीठ टाकायचो, आणि तुम्ही स्वतःच व्हायला निघालात! पण चेष्टा सोडली तर ते खोटं नाही. पाणी उडू न देण्यात पेट्रोलियम जेलीइतकं स्वस्त आणि पक्कं दुसरं काही क्वचितच असेल. मुरुमं येणाऱ्या तेलकट कातडीला मात्र एवढा थर सोसतोच असं नाही. आमच्यासारख्या वाळलेल्या पानांना चालतं.

जानेवारीत नडग्यांना फार खाज यायला लागली म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, माझ्या मुलाहूनही लहान. त्यांनी डबी बघायला मागितली, मागची यादी वाचली आणि म्हणाल्या, "हेच नडग्यांनाही लावा. आंघोळ कोमट पाण्यानं, साबण काखेत आणि जांघेत, बाकी अंगाला रोज नको. आणि अंग टिपून ओलसर असतानाच लावा, वाळल्यावर नाही." सुरकुत्यांचं मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं की असल्या क्रीमनं बारीक रेघा भरल्यासारख्या दिसतात, जात नाहीत. मला हे आवडलं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्या माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते. एक म्हणजे "आठ दिवसांत गोरं" करणारी जी क्रीमं ओळखीनं मिळतात, त्यांपासून लांब राहा. पुष्कळांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला तोंड उजळतं, मग कातडी पातळ होऊन लाल पडते, आणि लावायचं थांबवलं की आग होते. सरकारनं २०१८ साली अशी १४ स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटायला भाग्य लागतं. दुसरी गोष्ट, असलं तुपट क्रीम पदराला, उशीच्या अभ्र्याला लागत राहतं, आणि असं कापड विस्तवाजवळ गेलं तर नुसत्या कापडापेक्षा झपाट्यानं पेटतं. पहाटे निरांजन लावताना मी आता पदर खोचते.

भजनी मंडळात हे सगळं कसं पोचलं ते विचारू नका, शेजारीण आमच्याच मंडळात टाळ वाजवते. एका गुरुवारी हरिपाठ झाल्यावर एकीनं हसत हसत विचारलं, "काय बाई, ऐकतोय ते खरं का? आता या वयात कुणाला दाखवायचंय?" हशा झाला. वाईट हेतू नव्हता तिचा. शेजारीण लगेच माझ्या मदतीला धावली. "अहो, त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. खाजेचा त्रास आहे ना." त्याबरोबर सगळ्यांचे चेहरे बदलले. "असं होय! मग लावायलाच हवं. औषधच ते." चार जणींनी स्वतःच्या नडग्या दाखवल्या. विषय मिटला होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "नाही हो. डॉक्टरांकडे मी जानेवारीत गेले. क्रीम नोव्हेंबरात आणलं. मला लावावंसं वाटलं म्हणून आणलं."

कुणी काही बोललं नाही. मग जिनं विचारलं होतं तीच म्हणाली, "वास कसा आहे त्याला?" "वास नाही," मी सांगितलं. "मग काय उपयोग," ती म्हणाली. आणि निघताना जिन्यात मला गाठून डबीवरचं नाव कागदावर लिहून घेतलं.

सुनेचं सोनेरी डबीतलं क्रीम मी संपवत आणलं आहे, रविवारी रविवारी लावते. दिलेली वस्तू वापरली की देणाऱ्याला बरं वाटतं, आणि त्यात कोकम आहे. माझी पहिली डबी मार्चमध्येच संपली. दोनशे रात्रींचा हिशेब नडग्यांनी बिघडवला.

मागच्या आठवड्यात राजापूरला ताईला फोन केला. ती आता ७९ वर्षांची आहे. गुडघे गेले, कान शाबूत. लहानपणी ती माजघरात आजीजवळ निजायची आणि मी आईजवळ, त्यामुळे मला वाटायचं की तिला माहीत असणार आणि तिला वाटत असणार की मला. विचारलं, "ताई, आईचं मुठेल आठवतं का गं?"

"टाचांचं ना? आठवतं की."

मग तिला अंधारातला आवाज सांगितला. डाव्या तळहाताचं सांगितलं. पलीकडून इतका वेळ काहीच आलं नाही की मला वाटलं लाइन तुटली. मागे कोंबडा ओरडत होता तेवढा ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "तुझं ते क्रीम कितीला पडतं म्हणालीस?"

"१९० रुपये."

"पाठव एक." आणि थोडं थांबून, "नाही, दोन पाठव."

"दोन कशाला गं?"

"टाचांना एक लागेल ना," ताई म्हणाली.